पापुद्रा कुठं?

नाना डॉक्टर गेल्याचा फोन आला तेव्हा मी सिरसाळ्याच्या घरी भाकरी उलटत होते. वीस वर्षं मी त्यांची ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर. करपल्याचा वास आला तरी हात हलेना… आज दीड महिना झाला. अजूनही दुपारी डोळा लागला की दूध संघाचा तो छोटा दवाखाना दिसतो. टँकरच्या पाण्याने आम्ही दोघं ऑपरेशनसाठी हात धुतोय, आणि ते पाणी काही संपत नाही.

सरूबाई अशाच एका दुष्काळात आली. उसाच्या मोळ्या उचलून जुन्या ऑपरेशनच्या व्रणातून हर्निया बाहेर आला होता. पोटातलं अस्तर इतकं विरलेलं, की भगदाडावर लावायची जाळी थेट आतड्याला टेकणार. कपाटात साधी जाळी होती. नवरा म्हणाला, "साहेब, हाय ती लावा की. कशापायी थांबायचं?"

"ही आतड्याला चिकटंल," नाना म्हणाले. "मग सोडवताना आतडं फाटंल. एका बाजूनं गुळगुळीत असती, ती मागवलीय. तोवर न्हाई."

चार दिवस ती ओसरीवर पडून होती. नाना येता-जाता गाठ आत जाते का ते दाबून बघायचे. गाठ अडकली असती तर हे थांबणं अंगाशी आलं असतं. त्या हट्टाचा मला रागच आला होता. पाचव्या दिवशी एसटीच्या पार्सलातून जाळी आली.

आणि मी ती उलटी दिली! खडबडीत बाजू आतड्याकडे. ओल्या हातमोज्याला कळलंच नाही. नाना थांबले, पण ओरडले नाहीत. "ताई, भाकरीला पापुद्रा असतो ना, तसा हिलाबी हाय. पापुद्रा आतड्याकडं, जाड बाजू वर. सांगा, पापुद्रा कुठं?" मी जाळी उलटली. तेव्हापासून दर वेळी तोच प्रश्न. "इतकी वर्षं झाली, नाना!" म्हणून मी चिडायचे, तरी ते विचारायचेच.

सरूबाई त्यांच्या मातीला आली होती. पोटावर हात ठेवून नुसती उभी राहिली.

गेल्या सोमवारी त्याच दवाखान्यात, नानांच्या जागी आलेल्या नव्या डॉक्टरांचं पहिलं हर्नियाचं ऑपरेशन होतं. त्यांनी जाळीसाठी हात पुढे केला. मी बाजू दोनदा पाहिली होती, तरी माझ्या हातून ती सुटेना. थिएटरमध्ये कुणीच काही विचारत नव्हतं…

"सिस्टर, जाळी?"

"आधी विचारा," मी म्हणाले, "पापुद्रा कुठं."

ते बिचारे गोंधळले. पण त्यांनी विचारलं, आणि मी जाळी दिली.