सविताची पकड

सकाळी मैदानावर फक्कीनं रेषा मारताना चुन्याचा वास नाकात गेला आणि वस्तीतली ती संध्याकाळ आठवली.

सविता आमच्या मुलींच्या कबड्डी संघातली सगळ्यात चपळ. तिचा खेळ बंद करायला तिचे वडील आले होते. "हातपाय मोडलं तर पोरीला कोन करून घेईल, सर?"

"एक चढाई बघा, मग ठरवा," म्हणत मी शहाणा स्वतःच चढाईला गेलो. सविताला हळूच म्हटलं, "जपून धर गं."

तिनं घोटा असा धरला की मी कबड्डी कबड्डी म्हणतच मातीत आडवा. पोरी शिट्ट्या मारायला लागल्या. तेव्हा लाजेनं कान तापले. आता हीच गोष्ट मी लोकांना चहा पाजून ऐकवतो.

वडील हसून हसून खालीच बसले. "पोरगी खेळंल, सर," डोळे पुसत ते म्हणाले. "तुमी तेवढं खेळू नका."