चित्रावरचा पांढुरका पट्टा

हॉलमधल्या चित्रात तळ्याच्या पाण्यावर एक पांढुरका पट्टा आहे. पाहुण्यांना ते ऊन वाटतं. ते माझ्या मुलीच्या चित्राचं जिक्ले प्रिंट, म्हणजे शाईच्या बारीक फवाऱ्यानं जाड सुती कागदावर छापलेली प्रत. "बाबा, काच बसेपर्यंत याला ओल नको, बोटंही नकोत," असं तिनं बजावलं होतं. दसऱ्याला देवांच्या तसबिरी पुसता पुसता मी त्यावरही ओलं फडकं फिरवलं. तिनं विचारलं तेव्हा मी कामाच्या शांताबाईंकडे नुसतं बघितलं.

"ताई, म्या न्हाई हो," बाई म्हणाल्या. महिन्याभरात त्यांनी काम सोडलं. आपण खोटं बोललो नाही, अशी समजूत मी इतकी वर्षं करून घेतली.

आज मुलीला खरं सांगितलं.

"मला काय सांगता, बाबा? बाईंना सांगा."

त्या कुठं राहायच्या, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं.