घसरगुंडीखालची वाळू

धुळ्यात पांझरेच्या काठी नवी बाग झाली तेव्हा अख्खं गाव तिकडे धावलं. आमच्या मायच्या कपाळाला मात्र आठी पडली. "बाग ठीक शे. पन वाळू कोठे गई?"

आमच्या घरी श्रावणात कानबाई देवी बसते. रविवारी बसवायची, प्रसादाचे रोट खायचे आणि तेही फक्त भाऊबंदांनी; परक्याला त्यातला तुकडाही नाही. सोमवारी वाजतगाजत नदीवर न्यायची आणि येताना पाटावर नदीची ओंजळभर वाळू आणून घरभर टाकायची. वडील गेल्यावर मायने बाकीचे सण आटोपते घेतले होते, हा एकच धरून ठेवला होता. यंदा वाळू मिळाली नाही तर पुढे कानबाई बसवायची नाही, असं तिने मला बजावलं होतं. मायचं बोलणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

म्हणून शनिवारीच मी सायकल काढून बघायला गेलो. फाटकावरच्या म्हाताऱ्याने अडवलं, "सायकल मधमा नही." बाहेर लावावी तर कुलूप मोडकं! जाळीला टेकवली आणि एक डोळा तिच्यावर ठेवून आत शिरलो. जिकडेतिकडे चकचकीत फरशी. अशी चकाकी दिसली की मला आधी शंकाच येते. नदीच्या बाजूला लोखंडी कठडा आणि थेट पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. शेवटच्या पायरीवर उकिडवा बसून कोपरापर्यंत हात घातला, तर नुसता काळा गाळ.

"काय शोधी राह्यना भाऊ?" म्हातारा माझ्या मागे मागे आला होता. मी नळाच्या तोट्या काढायला आलोय, असंच त्याला वाटलं असणार.

"वाळू."

"वाळू?" त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. कानबाईचं नाव काढलं तेव्हा कुठे नरमला आणि घसरगुंडीकडे बोट केलं. पोरांना लागू नये म्हणून खाली वाळू पसरली होती. "तठेन लई जा."

"आपल्या पांझरेची का, आबा?"

"नही रे भो, तापीनी शे. ट्रकमा उनी."

झालं! तापीची वाळू मायला कशी चालायची? सायकल जागेवर सापडली, हेच नवल. घरी मी तोंड उघडलं नाही.

सोमवारी कानबाईला पायऱ्यांवर आंघोळ घातली. सगळे परतायला लागले, तरी माय रिकामा पाट घेऊन पाण्याकडे बघत उभीच. तेवढ्यात म्हातारा पुढे आला. "अक्का, वाळू तठे शे, घसरगुंडीखाले."

पोरांना बाजूला सारून माय वाकली. ओंजळ भरून तिने मान वर केली. "आपली पांझरानीच ना?"

म्हातारा माझ्याकडे न बघता म्हणाला, "आपलीच शे, अक्का."

घरी तिने ती वाळू चुलीपाशी टाकली, देवापाशी टाकली, वडिलांच्या खाटेखालीही टाकली. उरलेली चिमूटभर बोटांत चोळत माझ्याकडे रोखून पाहिलं.

"ही पांझरानी नही. खोटं बोलानं त्यानी तुले शिकाडं, का तू त्याले?"

तिने पाट पुसून भिंतीला लावला.

"पुढना साल त्याले रोट खावाले बलाव."