दोन ते पाचचा पार

आमच्या वाड्याचा, म्हणजे गावातल्या आमच्या वस्तीचा, एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सकाळी उठून बघावं तर कोणीतरी कंदिलाचा फोटो टाकलेला असतो, खाली लिहिलेलं असतं, 'ते दिवस गेले.' कधी पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा, कधी मातीच्या चुलीचा, कधी रेडिओचा. मग त्याखाली दिवसभर रडारड. सगळ्यांत जास्त रडतो तो ग्रुपचा प्रमुख. तो माझ्याच वयाचा, माझ्याच वर्गातला, नोकरी लागताच गाव सोडून गेला तो आता पर्वरीच्या फ्लॅटात चौथ्या मजल्यावर राहतो. चूल फुंकून फुंकून याच्या आईचे डोळे गेले. ती चूल याला आता सुंदर दिसते. दुरून डोंगर साजरे, आणि चौथ्या मजल्यावरून तर फारच.

मी तिथे फारसं लिहीत नाही. लिहिलं की भांडण होतं. एकदा कोणी तरी लिहिलं, 'त्या काळी आमच्या गावची हवा किती शुद्ध!' आमचं गाव पाळी गावाच्या अलीकडे. खाणीचे ट्रक दारावरून जायचे, एकामागून एक, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. आईनं दोरीवर पांढरं धोतर वाळत घातलं तर संध्याकाळी ते तांबडं होऊन घरात यायचं. पेजेच्या वाटीवर झाकण नसलं तर पेजही तांबडी. काजूच्या झाडाची पानं हिरवी असतात हे मला लग्नानंतर सासरवाडीला, कोरगावला गेल्यावर नीट कळलं. हे मी ग्रुपवर लिहिलं. प्रमुखानं उत्तर दिलं, 'तुझा स्वभावच कडू.' असेल. पण धोतर तांबडंच होतं.

गाण्यांचं तर विचारूच नका. 'त्या काळची गाणी आमच्या काळजात कोरलेली,' असं हे लोक लिहितात. वाड्यावर रेडिओ एकच, दुकानदाराचा. तो सेल वाचवायला गाणं रंगात आलं की बंद करायचा. उतरलेले सेल उन्हात ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घालायचा. आम्ही सगळे दुकानाच्या सोप्यावर बसून अर्धी गाणी ऐकली. आयुष्यभर अर्धीच. पुढचं कडवं काय होतं हे मला मोबाईल आल्यावर समजलं. आणि काळजात कोरलेली म्हणे!

भजनाचंही तसंच. आमच्या गावात श्रावणात भजनी सप्ताह असतो. नाव सप्ताह, पण चालतो एक दिवस आणि एक रात्र. त्या चोवीस तासांत देवळातलं भजन थांबता कामा नये. प्रत्येक वाड्याला वेळ वाटून दिलेली असते, तिला आम्ही पार म्हणतो. एका वाड्याचा पार संपायच्या आधी दुसऱ्या वाड्याचे लोक येऊन बसतात, गाणाऱ्यांच्या हातातले टाळ आपल्या हातात घेतात आणि सूर न सोडता पुढे म्हणू लागतात. मध्ये खंड पडला तर पार मोडला म्हणतात. ज्या वाड्याचा पार मोडला त्या वाड्याला वर्षभर गावात तोंड दाखवायची लाज. आमचा पार दुपारी दोन ते पाच. जेवून पोट जड झालेलं, बाहेर पाऊस, आणि चटईवर सगळे डुलक्या घेणारे.

त्या पारात पेटी मी वाजवायचो. अजून वाजवतो. म्हणून सांगतो, 'त्या काळचा सूर' वगैरे सगळं झूट आहे. दहा जण म्हणायला बसले की दहा वाटांनी जायचे. मी पेटीवर एक पट्टी धरायचो, ते आपापल्या पट्टीत. एक जण टाळ हातात धरून घोरायचा आणि नेमका समेवर टाळ वाजवायचा, एवढंच काय ते आमच्या वाड्याचं संगीत. माझा स्वतःचा आवाजही फुटक्या मडक्यासारखा. पण पाराचा पहिला अभंग मीच म्हणायचो, कारण पाराची वही माझ्याकडे होती. कोणी कधी म्हणायचं ते त्या वहीत मी लिहायचो.

त्या सगळ्या काळात आमच्या वाड्यावर खरा गळा एकच होता, आणि तो आमचा नव्हता. दोडामार्गाकडचा एक ट्रक ड्रायव्हर, खाणीच्या मालाचा ट्रक चालवायचा. वाड्याच्या टोकाला काजूच्या झाडांमागे एका खोलीत भाड्यानं राहायचा. ओहोळावर ट्रक धुताना अभंग म्हणायचा. धुणं आपटणाऱ्या बायका हात थांबवून ऐकायच्या. मी वाट सोडून तिकडून जायचो, उगाच काही काम असल्यासारखा.

सप्त्याच्या दिवशी तो आंघोळ करून यायचा आणि देवळाच्या पायऱ्यांवर बसायचा. आत चटईवर नाही. पार वाड्यातल्या घरांचा, आणि त्याचं घर वाड्यात धरलेलं नव्हतं. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. मी तो केलाही नव्हता. पण पाळायला मला फार आवडला.

एका वर्षी तो माझ्याकडे आला. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल, तरी मलाच भाऊ म्हणायचा.

"भाऊ, माका एक अभंग म्हणूक मिळात काय?"

"फुडल्या वर्सा पळोवया," पुढल्या वर्षी बघू, असं मी म्हणालो.

पुढल्या वर्षी तो आला, मी तेच म्हणालो. तिसऱ्या वर्षीही तेच. चौथ्या वर्षी त्यानं विचारलं नाही, पायऱ्यांवर बसायलाही आला नाही. मला सुटल्यासारखं झालं. आता या वयात खोटं कशाला बोलू? तो एकदा चटईवर बसला असता तर त्यानंतर माझा पहिला अभंग कोणी ऐकून घेतला नसता. मला ते कळत होतं. नियमाआड लपलो तो एवढ्यासाठी.

तो गावातच राहिला. लग्न केलं, काजूच्या झाडांमागे दोन खोल्या बांधल्या, दोन मुली झाल्या. खाणी बंद पडल्या, ट्रक गेला, नंतर तो लोकांच्या बागायतीत कामाला जायचा. दोन वर्षांमागे वारला. मी स्मशानात गेलो होतो. तिथे चार लोकांसमोर म्हणालो, "काय गळो आशिल्लो त्याचो!" सगळ्यांनी माना हलवल्या. निर्लज्जपणाला काही सीमा असते का?

यंदा सप्त्याच्या आधी महिनाभर ग्रुपवर धांदल उडाली. प्रमुखाच्या डोक्यात आलं की सप्त्याला सगळे गावात येतातच, तर त्याच दिवशी 'जुन्या आठवणी' असा कार्यक्रम करावा. देवळामागच्या अग्रशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, पडदा लावायचा, जुने फोटो दाखवायचे आणि कराओकेवर जुनी गाणी म्हणायची. एकसारखे टी-शर्ट शिवले. टी-शर्टावर कंदील. वेळ ठेवली जेवणानंतर, दुपारी दोनची.

दोनची! आपल्या वाड्याचा पार दोनला असतो हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. जुन्या आठवणी काढायला निघालेल्यांना नेमकी तीच आठवण राहिली नाही. मी ग्रुपवर लिहिलं, दोन वेळा लिहिलं. खाली हात जोडलेली चित्रं आली. प्रत्येकाला वाटलं, दुसरा कोणी तरी पारात बसेल.

पावणेदोनला मी देवळात पोचलो. चटईवर पखवाजवाले आजोबा, वय ऐंशीच्या पुढे, आणि टाळ घेऊन एक शेजारी, त्याला साखरेचा आजार. मी तिसरा. आधीच्या वाड्याचे पंधरा जण म्हणत होते. ते आमच्याकडे बघत होते, मग एकमेकांकडे. मी फोन काढून लिहिलं, 'पारात आम्ही तिघेच. या.' उत्तर आलं, 'वा! परंपरा जपणाऱ्यांना सलाम.' दुसरं आलं, 'कराओके सोंपलें की येतां.'

दोन वाजले. शेजाऱ्यानं टाळ घेतले, मी सूर धरला, आणि माझा तो फुटका आवाज लावला. अग्रशाळेतून स्पीकरवर सिनेमातली गाणी ऐकू येत होती, म्हणणारा शब्द पडद्यावर वाचून म्हणत होता तरी चुकत होता. मला इतका राग आला की पेटीचा भाता फाटेल असं वाटलं. पण राग गिळून म्हणत राहावं लागलं. थांबलो असतो तर पार मोडला असता.

तासाभरात घसा बसला. तीनच्या पुढे शेजाऱ्याला घाम फुटला, त्याला गोळी घ्यायला उठावं लागलं. टाळ खाली ठेवायचे नसतात, त्यानं ते पखवाजवाल्यांच्या मांडीवर ठेवले. आजोबा एकटे पखवाज वाजवत होते आणि मी नुसतं नाम घेत होतो, तेही कुजबुजल्यासारखं. आता पाच-दहा मिनिटांत संपतं, असं मला कळून चुकलं. माझ्या हयातीत, माझ्या हातून, आमचा पार मोडणार होता. मला रडू येत होतं.

त्या वेळी ड्रायव्हरची बायको आणि थोरली मुलगी देवाला नारळ ठेवायला आल्या होत्या. मुलगी शाळेत शिकवते, तिशी उलटलेली. दोघी खांबाजवळ उभ्या राहून बघत होत्या. आमच्या देवळात बायका पाराला बसत नाहीत. दुसऱ्या गावांत कधीच्या बसतात, आमच्याकडे नाही. मुलीनं आईकडे पाहिलं, हातातली पिशवी खांबाशी ठेवली, येऊन चटईवर बसली, आजोबांच्या मांडीवरचे टाळ उचलले आणि म्हणू लागली.

बापाचा आवाज नव्हता तिचा, पण ठेवण त्याचीच. पट्टी तिनं माझ्या पेटीतली घेतली नाही, मला तिच्या पट्टीवर जावं लागलं. आजोबांनी मान वर केली आणि वाजवायला लागले ते थेट विशीत गेल्यासारखे. एक अभंग संपायच्या आत दुसरा. दीड तास तिनं घोटभर पाणीसुद्धा मागितलं नाही. बोटं माझी, पेटी माझी, पण इतकी वर्षं वाजवून मी पहिल्यांदा भजनाची साथ केली.

साडेचारच्या सुमारास प्रमुख दारात आला, अंगात कंदिलाचा टी-शर्ट. आत येऊन बसेल म्हटलं तर नाही. खांबाला टेकून त्यानं फोन वर धरला, दोन मिनिटं शूटिंग केलं आणि परत गेला. पेटीजवळ ठेवलेला माझा फोन लगेच उजळला. व्हिडिओ आला होता, खाली लिहिलं होतं, 'आपल्या वाड्यात जुना काळ आजही जिवंत!' आणि त्याखाली पंचवीस-तीस हृदयं. जुना काळ! जुन्या काळात हिच्या बापाला आम्ही पायऱ्यांवर बसवला होता, गाढवा.

पाच वाजता पुढच्या वाड्याचे लोक आले. त्यांच्यातल्या एकानं तिच्या हातातून टाळ घेतले, क्षणभर बावरला, पण घेतले. भजन पुढे चालू झालं. आमचा पार मोडला नाही.

बाहेर येऊन मी तिला गाठलं. मनात सगळी जुळवाजुळव झाली होती. आपण किती मोठं मन दाखवतो आहोत, याचा आनंदही थोडा होता, तो लपवत नाही. मी म्हणालो, "बाय, यंदापासून तुझं नाव वहीत घालतां. पहिलो अभंग तुझो. कोण किदें म्हणता तें हांव पळयतां."

ती छत्री उघडत होती. शांतपणे म्हणाली, "नको, काका. पार मोडात म्हणान बसलंय मी. माझा नाव वहीत घालू नकात. आमचा बायकांचा मंडळ आसा, गुरवारी आमच्या घरी बसता."

"मग हांव येतां पेटयेक," मी घाईनं म्हणालो.

"पेटयेवर माझी बहीण बसता," ती म्हणाली. रागानं नाही.

तिची आई पायरी उतरता उतरता थांबली आणि माझ्याकडे न बघता, जणू स्वतःशीच म्हणाली, "सप्त्याच्या दिसा धुवट शर्ट घालून आमच्या घराच्या दारात बसत ते. दर वर्सा. आज कोण तरी बोलवक येतलो म्हणत. गेले त्याच्या आदल्या वर्सापर्यंत."

दोघी एका छत्रीतून गेल्या. मी देवळाच्या दारात उभा राहिलो. तीन वर्षांनी त्यानं विचारायचं सोडलं, तेव्हा वाट बघायचीही सोडली असेल, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.