अनघानं मिळवली, मला मिळाली

सरांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले. अर्न आणि रिसीव्ह. मग वर्गाकडे वळून म्हणाले, “पहिल्याचा अर्थ मिळवणं. दुसऱ्याचा अर्थ मिळणं. फरक लक्षात राहावा म्हणून आपल्याच वर्गातलं उदाहरण घेऊ.” आणि खाली इंग्रजीत दोन वाक्यं लिहिली. अनघानं अकरावीची सीट मिळवली. दुसऱ्या वाक्यात माझं नाव. हिला सीट मिळाली.

वर्ग हसला. मोठ्यानं नाही, वहीत तोंड घालून. अनघा हसली नाही. तिनं वाक्य नीट उतरवून घेतलं. मीही घेतलं. माझ्याच हातानं, चांगल्या अक्षरात, खाली रेघ मारून. ते मला आजही खुपतं.

आम्ही दोघी एकाच कॉलेजात, एकाच बाकावर. धरमपेठेतल्या या इंग्रजीच्या क्लासलाही सोबत यायचो. प्रवेशाच्या वेळी माझं नाव कुठल्या यादीत होतं, खुल्या की राखीव, हे मी सरांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नव्हतं. आडनाव रजिस्टरमध्ये होतं. तेवढं त्यांना पुरलं.

सर शिकवायचे मात्र चांगलं. खोटं काहून बोलू? एकसारखे वाटणारे इंग्रजी शब्द घ्यायचे आणि फरक असा फोडून सांगायचे की डोक्यात बसलाच पाहिजे. कानावर पडणं वेगळं, ऐकणं वेगळं. दिसणं वेगळं, पाहणं वेगळं. दरवर्षी या जोड्यांची एक पुस्तिका छापायचे आणि वाक्यांत त्या बॅचच्या पोरापोरींची नावं टाकायचे. पुस्तिकेत नाव येणं म्हणजे मान. त्यासाठी पोरं सरांच्या मागंमागं फिरायची.

महिन्याभरानं पुस्तिका हातात आली. ते वाक्य होतं. नावासकट छापलेलं.

घरी आल्यावर मी ती बॅगेत पार खाली दाबून ठेवली. मायनं शोधून काढलीच. माय गांधीबागेतल्या दुकानांच्या साड्यांना फॉल-पिको करते. मराठी वाचते, अडखळत. इंग्रजी येत नाही, पण माझं नाव इंग्रजीत कसं दिसतं ते तिला पाठ होतं, मार्कशीटवर पाहून पाहून. तिनं पानं चाळली आणि बरोब्बर बोट ठेवलं.

“हे तुझंच नाव हाय न वं?”

“हो.”

“काय लिहलं हाय?”

“मी हुशार हाय म्हणून लिहलं.”

खोटं बोलली मी. मायला दुःख नको म्हणून बोलली, असं स्वतःला सांगत राहिली. खरं म्हणजे मला लाज वाटत होती. आणि लाज वाटावी असं मी काहीही केलं नव्हतं.

मायनं साडीची प्लास्टिकची पिशवी कापून पुस्तिकेला कव्हर घातलं. बुद्धाच्या मूर्तीपाशी ठेवली. शेजारच्या बायांना बोलावून बोलावून दाखवली. “माह्या पोरीचं नाव छापलं सरायनं. इंग्रजीत.” बाया पानाला हात लावून पाहायच्या. मी आत नळ मोठा सोडून भांडी घासत बसायची.

मग एक दिवस क्लास सुटताना पाहते तं दारात माय. धुतलेली साडी, हातात पुस्तिका, दुसऱ्या हातात रव्याच्या लाडवांचा डबा. मला न सांगता आली होती. पोरं अजून बाकांवरच होती. ती सरळ सरांपुढं गेली, डबा टेबलावर ठेवला आणि हात जोडले.

“सर, गरिबाच्या पोरीचं तुम्ही मोठं नाव केलं.”

सरांनी पुस्तिकेकडे पाहिलं, मायकडे पाहिलं. या बाईला काहीच माहीत नाही हे त्यांना कळलं. मी त्यांच्या तोंडाकडेच पाहत होती, मला ते कळताना दिसलं. त्यांना गप्प राहता आलं असतं. ते हसले. म्हणाले, “असू द्या ताई. चांगल्या मुलांची नावं येतातच.”

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मायला वाटलं, कौतुकाचं हसू आहे. तीही हसली. हात जोडलेलेच. सुई टोचून टोचून त्या बोटांच्या टोकांना घट्टे पडले आहेत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

“माय, हात खाली कर.”

“काहून वं?”

“त्यात मी हुशार हाय असं नाही लिहलं. मी खोटं बोलली तुले. त्यात लिहलं हाय, अनघानं सीट मिळवली आन् मले मिळाली. म्हणजे तिची कमाई, माही भीक.”

माय माझ्याकडे पाहत नव्हती, सरांकडे पाहत होती.

“हे तुम्ही लिहलं?”

“अहो ताई, उदाहरण आहे ते. शब्दांतला फरक समजावा म्हणून. भाषेच्या तासाला जात कशाला आणायची?”

“मी नाही आणली,” मी म्हटलं. “फळ्यावर तुम्ही लिहिली.”

सरांचं तोंड लाल झालं. “मग चूक असेल तर सांग ना. किती मार्क होते तुला? कुठल्या यादीत नाव होतं? सांग, पुढच्या वर्षी वाक्य बदलतो.”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. अनघा पाहू लागली. मायसुद्धा. आकडा माझ्या जिभेवर होता. तेव्हाच मला उमगलं. आकडा मोठा निघाला तं सर म्हणतील, ही वेगळी आहे, आणि पुढच्या वर्षी त्या वाक्यात माझ्या वस्तीतल्या दुसऱ्या पोरीचं नाव टाकतील. लहान निघाला तं वाक्य खरं ठरलं. तराजू दोन्हीकडून त्यांचाच होता.

“नाही सांगणार,” मी म्हटलं. “अनघाला मार्क विचारले होते का तुम्ही?”

मायनं डबा उचलला. पुस्तिका कव्हरासकट तिथंच टेबलावर ठेवली. “चाल,” म्हणाली.

तो क्लास सुटला तो सुटला. इंग्रजी मी पुढं लायब्ररीत बसून एकटीनं शिकली. वाईट शिकली. एका परीक्षेत इंग्रजीतच नापास झाली. त्याचं गोड करून काही सांगता येणार नाही. आणि माय महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. सरांमुळं नाही, मी खोटं बोलली म्हणून. “मले आंधळी ठेवलं तू,” एवढंच म्हणाली. सरांच्या वाक्यापेक्षा ते जास्त लागलं. त्यानंतर मी तिच्यापासून अपमान लपवला नाही. जसा झाला तसा, त्याच शब्दांत घरी सांगितला.

आता मी नोकरी करते. ऑफिसात चहा पिता पिता कुणीतरी सहज विचारतंच, “मॅडम, तुमचं सिलेक्शन कशातून? मार्क किती होते?” चांगली माणसं विचारतात. सोबत डबा खाणाऱ्या मैत्रिणी विचारतात. मी उलट विचारते, तुमचे किती होते? मग विषय बदलतो.

हे वाचताना तुम्हीही मनात विचारलंच असेल. तुम्हालाही सांगणार नाही.