बय नॉर्वेत भडकली

बय सरळ बोलायचीच नाही, भांडायची. "दाबून काय बघतेस? घे नायतर हल!" असं अंधेरीच्या बाजारात गिऱ्हाइकाला सुनावणारी ही कोळीण. तिचं खरं नाव कुणी घेत नसे.

खाडीकाठच्या मोकळ्या जागेत बांबूच्या वलांड्यांवर तिचे बोंबील वाळायचे. शेजारी इमारती उठल्या, तिथल्या लोकांनी वासाची तक्रार केली आणि 'जागा रिकामी करा' अशी नोटीस आली. नोटिशीवर ज्या साहेबांची सही होती, त्यांच्याबरोबरच बय नॉर्वेला गेली. साहेब नेत असलेल्या मच्छीमारांच्या सरकारी शिष्टमंडळात एक बाई हवी होती. मी कोळीवाड्याजवळच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे, म्हणून तिची दुभाषी.

"फोटोला कोळीण पायजे यांना," ती विमानात म्हणाली. "काढू दे. मी किनारा तरी बघते."

एके दिवशी आम्हाला बोटीतून किनारा दाखवायला नेलं. दोन्ही अंगांना पाण्यातून सरळ वर गेलेले काळे डोंगर. बय मात्र काठावरची लाल लाकडी घरं न्याहाळत होती. उतरलो तिथे उंच मांडवांवर मासे शेपटीला बांधून जोडीजोडीने टांगलेले. वास ओळखीचा! माहेरचं माणूस भेटावं तशी बय हसली.

माहिती सांगणारी मुलगी म्हणाली, "शेकडो वर्षं आमचं गाव या सुक्या मासळीवर जगलं. हे मांडव, ही घरं आम्ही जपलीत. हा आमचा वारसा." मी ते मराठीत सांगितलं.

"वा! ब्यूटिफुल!" साहेब म्हणाले.

बयचं हसू गेलं. "काय बोललास? यांचा वास तो वारसा, आणि माझा वास ती घाण? नोटिशीवर सही तुझीच ना रे?"

"बाई, इथे तमाशा नको." साहेब माझ्याकडे वळले. "हे त्या मुलीला सांगू नका."

"सांग! शब्दन् शब्द सांग!"

मी सांगितलं. "खरं आहे का हे?" मुलीने साहेबांना विचारलं. ते बोटीकडे चालू लागले.

परतल्यावर जागा गेलीच. पोलीस आले, वलांड्या उपटल्या. बय आडवी पडली, तर तिला उचलून गोणीसारखं बाजूला ठेवलं. साहेबांना बढती मिळाली. आजही आठवलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

पुढे एकदा ती बाजारात दिसली. मी बोंबील मागितले.

"माझ्या हातचे नाहीत. दुसऱ्याचे आणून विकते," ती म्हणाली.

"चालतील गं, बय."

"मला नाय चालत," ती ओरडली आणि तिने टोपली झाकली.