दसऱ्यापुरती मोटार

मंगळवारी सकाळी वडील गेले. एका साहेबाने विलायतेला परतताना विकलेली त्यांची शर्यतीची मोटार फक्त दसऱ्याच्या पूजेला बाहेर निघे. एरवी ताडपत्रीखाली. चामड्याच्या गाद्या टिकाव्यात म्हणून वडील त्यांना मोहाच्या बियांचे तेल चोळत. तेरावे झाल्यावर मी ताडपत्री काढली. तेलाच्या वासाने येऊन उंदरांनी गाद्या कुरतडल्या होत्या.

मी मोटार बाहेर ढकलू लागलो, तसे काका आडवे आले. "एवढा शिकला, पण बापाची वस्तू सांभाळता येत नाई तुले?"

"सांभाळली म्हणूनच उंदरायनं खाल्ली, काका. आता मी चालवतो."

कुरतडलेल्या गाद्यांवर घोंगडी अंथरून मी मोटारीने ब्रह्मपुरी गाठली. पुढेही चालवतच राहिलो.

आता तिचा रंग उडाला आहे, दारांवर ओरखडे आहेत आणि ती चालते.